दीड फूट पत्रा आणि भाऊंची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या दूध संस्थेचे चेअरमन माननीय भिमाजीअण्णा. तालुक्याहून वेळ काढून आलेले पाहुणे विस्तार अधिकारी साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते संस्थेचे सचिव सावळारामभाऊ आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. येडगाव, वारूळवाडी आणि पार पेठेपासून आलेले सभासद बंधू. आणि मागच्या बाजूला, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे बसलेल्या माझ्या बायांनो, सगळ्यांना जय भीम आणि रामराम.

मी शकुबाई जयवंत भालेराव. माझ्याकडे आभाराचं आणि समारंभाचा खर्च वाचून दाखवायचं काम दिलं आहे. ते आधी उरकते. शाल एक, दोनशे पंचवीस रुपये. श्रीफळ, आठ रुपये. भाऊंना पोशाख चारशे साठ, वहिनींना साडी तीनशे दहा. हार आणि गुच्छ नव्वद. पेढे चार किलो, चारशे ऐंशी. खुर्च्या दीडशे, तीनशे रुपये. मानपत्राची छपाई आणि काचेची चौकट, तीनशे चाळीस. मांडववाल्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यांचे आभार. एकूण दोन हजार दोनशे तेरा. वर्गणी आली तेवीसशे पन्नास. एकशे सदतीस शिल्लक आहेत, त्या पैशांचं काय करायचं ते अण्णा ठरवतील.

हे मानपत्र छापायला देताना मजकूर मीच तपासला. त्यात तिसरी ओळ आहे, 'भाऊंच्या टेबलावर एकही कागद कधी शिळा झाला नाही.' आज माझ्या आधी सहा जण बोलले. सहाही जणांनी ही ओळ म्हटली. आणि ती खरी आहे. तीस वर्षांत भाऊंनी सकाळचा कागद संध्याकाळपर्यंत ठेवला नाही. पोस्टमन दारात उभा असतानाच उत्तर लिहून त्याच्याच पिशवीत टाकायचं, ही त्यांची पद्धत. तालुक्यात नाव आहे त्याचं. त्यातल्याच एका ताज्या कागदाची गोष्ट मला सांगायची आहे. आभाराला उभं राहून गोष्ट सांगायची नसते, हे मला कळतं. पण दुसऱ्या कुठल्या कामाला मला उभं केलं असतं का तुम्ही?

आधी भाऊंचे उपकार. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत माझ्या सुनेचा, अमृताचा, उजवा हात कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. पाहुण्या साहेबांसाठी सांगते. हे मोटरचं मशीन असतं, कडबा नाहीतर घास बारीक करून देतं. पुढं पत्र्याची लांब पेटी असते, तिच्यातून वैरण सारायची. टोकाला दोन रोलर असतात, ते वैरण आत ओढतात, त्यांच्या मागं पाती. रोलरला वैरण कोणती आणि हात कोणता ते कळत नाही. ओला मका अडकला होता, पोरीनं आत हात घालून ढकलला. मनगटाच्या वर चार बोटं, तिथपर्यंत गेला.

त्या सकाळी टेम्पोत दुधाचे भरलेले कॅन होते. भाऊंनी ते रस्त्यावर उतरवून ठेवले आणि अमृताला त्याच टेम्पोतून नारायणगावला आणि तिथून पुण्याला नेलं. दूध नासलं. संस्थेचं नुकसान झालं, ते त्यांनी आपल्या पगारातून भरलं. मी रोज सकाळी वंदना घेते तेव्हा जे माझ्या घराला उपयोगी पडले त्यांचं नाव मनात आणते. सात वर्षं झाली, एक दिवस भाऊंचं नाव चुकलं नाही. मधल्या पाच वर्षांत रोज घेताना जड गेलं, पण घेतलं.

पुढच्या वर्षी संस्थेत पुण्याहून पत्र आलं. अशा यंत्रांची मापं ठरवणारी एक समिती असते. पत्रा किती जाड, पेटी किती लांब, झाकण कुठपर्यंत, हे ती लिहून देते. मग त्याप्रमाणे जो बनवतो त्याच्या मशीनवर छाप बसतो आणि त्याच मशीनला अनुदान मिळतं. समितीत कारखानदार होते, कॉलेजातले प्राध्यापक होते, सरकारी अधिकारी होते. वापरणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यांना संस्थेकडून एक माणूस पाहिजे होता. भाऊ घरी आले. म्हणाले, "वहिनी, तुमी मॅट्रिक हाये, हिशेबात चोख हाये, आन तुमच्या घरात घडलंय. तुमी जा." आमच्या वस्तीतल्या बाईचं नाव पुण्याच्या समितीला कळवायचं, हे काही जणांना रुचलं नव्हतं. ते कोण, हे मी आज सांगत नाही. त्यातले दोघं पुढच्या रांगेत पेढा खातायत. भाऊंनी कुणाचं ऐकलं नाही. हेही उपकारच.

संस्थेनं भरून द्यायचा एक फॉर्म होता. त्यात एक रकाना होता, 'मतपत्रिकेवर कोणाची सही ग्राह्य धरावी?' फॉर्म मी भरला, माझ्याच अक्षरात. आणि त्या रकान्यात मी भाऊंचं नाव लिहिलं. माझं लिहिता आलं असतं. पण संस्थेचा कागद, सचिव हयात, आणि बाईनं सही करायची? सहीचा मान भाऊंचा, असं मला वाटलं. लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाला पहिला टॉवेल देतो ना आपण, तसा मी तो मान देऊन टाकला. कुणी मागितला नव्हता. भाऊंनीसुद्धा नाही.

आता मत. अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात मी पहिल्या बैठकीला गेले. कसल्याशा मुद्द्यावर सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, हात खाली घ्या. लागोपाठ दोन बैठकांना पूर्ण वेळ हजर राहिलं की मग संस्था मतदानाला पात्र होते. ही तुमची पहिली." मी हात खाली घेतला. देशाचं सरकार निवडायला वयाची अठरा वर्षं पुरतात, शाळेचा दाखलासुद्धा लागत नाही. बाबासाहेबांनी आमच्या आज्याला आणि त्याच्या सावकाराला एकाच दिवशी, एकेकच मत दिलं. पण कुट्टीच्या पत्र्याची लांबी ठरवायला दोन बैठका! बरं, म्हटलं, बसू. बसायची सवय आहे बायकांना.

दुसरी बैठक डिसेंबरात होती, नेमकी पौर्णिमेला. त्या दिवशी मी उपोसथ धरते, दुपारी बारानंतर अन्न घेत नाही. त्यांचं जेवण दीडला. सगळे जेवायला गेले, मी एकटी टेबलाशी बसून मसुदा वाचला. सत्तावीस पानं. एकोणिसाव्या पानावर पेटीच्या झाकणाचं माप होतं, दीड फूट. झाकण म्हणजे रोलरच्या अलीकडचा बंद भाग, जिथं हात घालता येऊ नये. मी माझा हात टेबलावर ठेवून पाहिला. दीड फूट कोपराच्या थोडं वरपर्यंत आला. म्हणजे झाकण असूनसुद्धा बोटं रोलरच्या पार पुढं जात होती.

सगळे जेवून आल्यावर मी हे बोलले, झाकण अडीच फूट करा म्हटलं. कारखानदारांच्या बाजूचे एक इंजिनिअर होते, सज्जन दिसत होते, बडीशेप चघळत म्हणाले, "आजी, बायकांनी लक्ष देऊन काम केलं तर हात जात नाही. झाकण एक फुटानं वाढवायचं म्हणजे मशीनमागे एकशे चाळीस रुपये वाढतात."

मी म्हटलं, "साहेब, तुमचा हात द्या जरा." माझ्या पिशवीत शिवणाची टेप होती. खांद्यापासून बोटांपर्यंत एकोणतीस इंच भरला.

"म्हणजे दीड फुटातून तुमचाही पंजा जातो. तुम्ही लक्ष देणारे आहात म्हणून वाचला."

हसले सगळे. तेही हसले. पण अध्यक्षांनी लिहून घेतलं की दीड फूट ठेवायचं का अडीच करायचं, यावर मार्च महिन्यात टपालाने मत घेऊ. तोपर्यंत मापं असतील तर पाठवा. आणि आठ दिवसांनी संस्थेला पत्र आलं, आपली संस्था मतदानास पात्र झाली आहे. भाऊंनी ते पत्र स्वतः वस्तीवर आणून दिलं. मी ते बुद्धांच्या मूर्तीपुढे ठेवलं. अमृतानं डाव्या हातानं मेणबत्ती लावली.

संपतभाऊ, सूत्रसंचालन तुमच्याकडे आहे, पण चिठ्ठी पाठवू नका. वाचता येतं मला. 'वेळ झाला' असंच लिहिलं असणार. सहा जणांना चिठ्ठी गेली नाही.

तर जानेवारी आणि फेब्रुवारीत मी हात मोजले. सकाळी दूध घालायला बाया रांगेत उभ्या असायच्या, तिथंच. एकशे बारा बायांचे. त्या साळुबाई बसल्यात मागं. त्यांनी विचारलं, "काय गं शकू, पोलकं शिवतीस का माझं?"

"न्हाई, मशीनचं झाकण शिवतीया."

"मग लांबच लिही हात. घरात म्हंत्यात साळुबाईचा हात लई आखूड, काय बी देत न्हाई!"

अशी मजा चालायची. सगळ्यात लहान हात तेवीस इंचांचा, सगळ्यात मोठा अठ्ठावीस. एकाही बाईचा हात दीड फुटात मावत नव्हता. अडीच फुटात सगळ्यांचे मावत होते. एक वही भरली. अमृतालाही मोजलं, डावा. "उजवा नको का मोजायला, आत्याबाई?" असं विचारून ती गोठ्यात गेली. मी टेप गुंडाळून ठेवली.

आणि मग अकरा मार्च. सकाळी रजिस्टरनं मतपत्रिका संस्थेत आली. मी चारशे पावलांवर होते, गोठा झाडत होते. संध्याकाळी दूध घेऊन गेले तर भाऊ आनंदात. त्यांचे शब्द मला पाठ आहेत.

"वहिनी, तुमचं ते पुण्याचं पत्र आलं व्हतं. लावलं मार्गी."

"मार्गी म्हंजे?"

"सही-शिक्का करून दिलं परत. पोस्टमन हुबाच व्हता."

"त्यात काय लिव्हलं व्हतं, भाऊ?"

"मसुदा मान्य हाये का, असं इचारलं व्हतं. म्या लिव्हलं मान्य. आपुन कशाला कुनाचं अडवायचं?"

माझ्या हातात दुधाची किटली होती. ती मी मापाला दिली, फॅट लावून घेतली, पावती घेतली. बाकी काय करणार? नंतर म्हटलं, "भाऊ, ते दीड फुटाला मान्य झालं. आपलं अडीच व्हतं." वाईट त्यांनाही वाटलं, मी पाहिलं. त्यांना कुणी लाच दिली नव्हती, चहासुद्धा नाही. कुणी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मग आज मी त्यांना नावं ठेवून घरी गेले असते.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मी पुणे गाठलं. तिथले कारकून म्हणाले, मोजणी एकतीस तारखेला आहे, तोपर्यंत मत मागे घेता येतं, मात्र ज्याची सही त्यानंच लिहून द्यायला हवं. वीस दिवस होते. मी भाऊंकडे तीन वेळा गेले. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, बघतो. तिसऱ्यांदा मात्र मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "वहिनी, एकदा केल्याली सही फिरवायची म्हंजे मानूस फिरला. माझी एक सही फिरली न्हाई आजवर. लोकं काय म्हनतील, सावळाराम न वाचता सह्या करतो?"

मी उठून आले. जोर करता आला असता. ओरडता आलं असतं. पण मला ते रस्त्यावर उतरवलेले कॅन दिसत होते. ज्यानं आपल्या सुनेला टेम्पोत घालून नेलं त्याच्या दारात भांडायचं कसं? आणि सहीचा रकाना मीच भरलेला. दुसऱ्या कुणी भरला असता तर भांडले असते, खरंच.

निकाल आला. दीड फुटाच्या बाजूनं सात, अडीच फुटाच्या बाजूनं सहा. त्या सातांत एक मत आपलं. हे गणित सोडवायला मॅट्रिक व्हावं लागत नाही.

पुढे छापाची मशीनं आली. अनुदान होतं, म्हणून आपल्याच संस्थेनं हप्त्यावर तेवीस वाटली. वाटपाच्या दिवशी याच जागी मांडव होता आणि नारळ फोडला होता. दोन हजार दोनच्या पावसाळ्यात आपल्या गावातल्या भरतची मुलगी आरोही, चौदा वर्षांची, नववीत होती, तिची उजव्या हाताची चार बोटं छाप असलेल्या मशीनमध्ये गेली. पोलीस पाटील म्हणाले, मशीन नियमाप्रमाणे आहे, पोरीचंच लक्ष नव्हतं. मशीन नियमाप्रमाणेच होतं. तो नियम झाला तेव्हा आपलं 'मान्य' होतं.

भरत मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "काकी, तुमी व्हता ना त्या समितीवर?" होते म्हटलं.

या महिन्यात आपण सगळे मतदान करून आलो. सगळ्यांच्या डाव्या बोटाला अजून शाई आहे. डाव्या हाताला लावतात म्हणून बरं. अमृता रांगेत उभी राहिली, शाई लावून आली, कुणी तिला विचारलं नाही की बाई, तू याआधी दोन वेळा बसून गेलीस का.

अण्णा, दोनच मिनिटं. भाऊ, मान खाली घालू नका. मी तुमची फजिती करायला उभी नाही. तसं करायचं असतं तर पाच वर्षं कशाला थांबले असते?

दर पाच वर्षांनी ती मापं पुन्हा तपासायला घेतात. यंदा घेतली आहेत. मधे मी रागानं बैठकांना जायचं सोडलं, त्यामुळे संस्थेचा मताचा हक्क गेला. तो माझा दोष, आणि त्याची माफी मी आरोहीच्या आईकडे मागितली आहे. आता पुन्हा पहिल्यापासून. जानेवारीत एक बैठक बसून आले, चौदा मेला दुसरी. मग संस्था परत पात्र होईल. या वेळी सहीच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आहे. अण्णांनी त्यावर शिक्का दिला, त्यांची आभारी आहे. ज्यांना रुचलं नाही त्यांनी पेढा आणखी एक घ्यावा.

पण नुसत्या मतानं भागणार नाही. समितीनं लेखी कळवलंय की तुमच्याच संस्थेनं दीड फूट मान्य केलं होतं, मग आता तक्रार कसली? तो मुद्दा परत उघडायचा असेल तर त्या वेळी सही करणाऱ्यानं लिहून द्यावं की मत प्रतिनिधीला न विचारता गेलं. दहा मेच्या आत. ते आलं तर झाकणाचं माप चौदा तारखेला चर्चेला येतं. नाही आलं तर पुढची पाच वर्षं दीड फूट. आपल्या गावात या घडीला एकेचाळीस मशीनं आहेत. रोज सकाळी त्यांत वैरण कोण सारतं, ते मागं वळून बघा.

भाऊ, उद्या तुम्ही चिंचवडला मुलाकडे राहायला जाणार. निवृत्त माणसाला गावचं लचांड नको असतं. पण मला पाहिजे ते एकच वाक्य आहे. 'अकरा मार्च एकोणीसशे नव्याण्णव रोजी मी मसुदा न वाचता आणि आमच्या प्रतिनिधीस न विचारता मान्य लिहिले.' खाली सही. लोक काय म्हणतील, याची भीती तुम्हाला होती. आज सगळे लोक इथंच बसलेत आणि आता सगळ्यांना कळलंय. तेव्हा ती भीती तरी उरली नाही. तेवढं काम मी तुमच्यासाठी केलं.

अध्यक्ष महाराजांचे, पाहुण्या साहेबांचे, मांडववाल्यांचे, चहा करणाऱ्या बायांचे आणि कंटाळूनही उठून न गेलेल्या सर्वांचे मी संस्थेच्या वतीनं आभार मानते. भाऊ, तुम्हाला आणि वहिनींना आरोग्य लाभो, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. शुभ कामात कडू बोलले. वयानं मोठ्या माणसाला चारचौघांत बोलले. त्याबद्दल जे उणं-अधिक असेल ते पोटात घाला.

त्या समितीचा एक नियम जाता जाता सांगते. मुदतीत ज्याचं उत्तर येत नाही, त्याची हरकत नाही असं धरतात. माझ्याकडे तसं नाही. चिंचवडचा पत्ता मी तुमच्या मुलाकडून घेतला आहे, समितीचं पत्र परवाच्या टपालानं तिकडे येईल. तुमच्या टेबलावर कागद शिळा होत नाही. होय असेल तर होय लिहा, नाही असेल तर नाही लिहा, पण या खेपेला वाचून लिहा, आणि उलट टपाली कळवा.